दोनशेचा पोरगा शंभरला कसा आला: उसेन बोल्ट, 2004 ते 2008

ऑगस्ट 2004, अथेन्स ऑलिंपिक, 200 मीटरची पहिली फेरी. वेळ 21.05 सेकंद, आणि जमैकाचा उसेन बोल्ट तिथेच बाद. याच मुलानं चार महिन्यांपूर्वी, 11 एप्रिलला, बर्म्युडातल्या हॅमिल्टनमध्ये कॅरिफ्टा या कॅरिबियन देशांच्या ज्युनियर स्पर्धेत 200 मीटर 19.93 सेकंदांत काढले होते. ज्युनियर वयाच्या कुणीही त्याआधी हे अंतर 20 सेकंदांच्या आत धावलं नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेचा एरियन नाइटन येईपर्यंत, म्हणजे तब्बल 17 वर्षं, तो ज्युनियर विक्रम टिकला. 19.93 आणि 21.05 यांत 1.12 सेकंदांचा फरक. त्या वेगाला हे अंतर जवळपास अकरा मीटर होतं.

चार वर्षांनी, 16 ऑगस्ट 2008 ला, बीजिंगमध्ये तोच बोल्ट 100 मीटर 9.69 सेकंदांत धावला. आणि 2007 च्या जुलैपर्यंत त्यानं वरिष्ठ पातळीवर 100 मीटरची एकही शर्यत धावलेली नव्हती.

या मधल्या चार वर्षांचं हे प्रकरण आहे. प्रशिक्षक ग्लेन मिल्स यांनी बोल्टला 100 मीटरसाठी हेरलं, असं सर्रास सांगितलं जातं. घडलं ते याच्या उलट. मिल्स यांना तो 400 मीटरला हवा होता. अंतराबाबतचा त्यांचा अंदाज चुकला, कामाचा क्रम मात्र अचूक ठरला: आधी पाठ आणि कंबर, मग धावण्याची ढब, मग ताकद, आणि स्पर्धेतलं अंतर सर्वांत शेवटी. या क्रमामुळेच अंदाज चुकूनही धावपटूचं काही बिघडलं नाही.

हाती आलेला धावपटू

2002 च्या जुलैत किंग्स्टनला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत बोल्टनं 200 मीटरचं सुवर्ण 20.61 सेकंदांत जिंकलं, तेव्हा त्याचं वय होतं 15. पुढच्या वर्षी जमैकाच्या शालेय स्पर्धेत, ज्याला तिथे सगळे नुसतं 'चॅम्प्स' म्हणतात, त्यानं 200 मीटर 20.25 आणि 400 मीटर 45.35 सेकंदांत जिंकले. त्याच 2003 मध्ये ब्रिजटाउनला 200 मीटर 20.13 सेकंदांत.

हे आकडे वाचून डोळे दिपतात, पण प्रशिक्षकानं इथेच थबकायला हवं. 'चॅम्प्स' मोजक्या दिवसांत उरकते: दोन वैयक्तिक शर्यतींच्या प्राथमिक फेऱ्या, उपांत्य, अंतिम, शिवाय रिले. पूर्ण वाढ झाल्यावर 1.95 मीटर उंच झालेल्या या मुलाची हाडं त्या वयात भराभर लांब होत होती. स्नायूंची लांबी आणि ताकद हाडांच्या मागून येते. अशा वेळी वेग असतो, पण तो पेलणारं अंग तयार नसतं. 2004 च्या हंगामात हॅमस्ट्रिंगनं, म्हणजे मांडीमागच्या स्नायूनं, दगा दिला आणि अथेन्सला तो अर्धवट तयारीनिशी उतरला.

बिघाड कुठे होता

बोल्टला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळलेला आहे, आणि त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड आहे. हे त्यानं स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. पण कण्याच्या वळणामुळे मांडीमागचा स्नायू का फाटावा?

हॅमस्ट्रिंगचा सर्वांत बाहेरचा भाग, बायसेप्स फीमोरिसचं लांब टोक, बसताना टेकणाऱ्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातं. म्हणजे ते नितंबाचा आणि गुडघ्याचा असे दोन सांधे ओलांडतं. पूर्ण वेगात पाय पुढे झेपावतो आणि जमिनीवर टेकण्याच्या जरासा आधी गुडघा उलगडत असतो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतो. बहुतेक दुखापती याच क्षणी होतात. आता कंबरेचं हाड पुढे झुकलेलं असेल तर बसण्याचं हाड मागे-वर सरकतं आणि स्नायू मुळातच ताणलेल्या अवस्थेत कामाला लागतो. कणा वाकडा आणि एक पाय आखूड असल्यावर कंबरेचं हाड दर पावलाला डावी-उजवीकडे डोलतं. ताण दोन्ही पायांत सारखा वाटला जात नाही. पोटाचे आणि पाठीच्या खालच्या भागातले स्नायू हे डोलणं रोखतात. ते दमले की शर्यतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सगळा भार मांडीमागे जातो.

त्यात धावण्याची ढब. त्या काळात बोल्ट खांदे मागे टाकून, शरीराचा तोल मागे ठेवून धावायचा, हे मिल्स यांचं निदान त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे. खांदे मागे गेले की कंबर पोकळ होते, पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, आणि पुढे पडलेलं प्रत्येक पाऊल क्षणभर ब्रेकचंच काम करतं. तो झटका कंबरेला आणि हॅमस्ट्रिंगला बसतो. उंच धावपटूंत हा दोष फार आढळतो, कारण लांब ढांग घेण्याचा मोह त्यांना आवरत नाही आणि पाहणाऱ्यांनाही ती देखणी वाटते.

तिसरी गोष्ट वळणाची. 200 मीटरमध्ये निम्म्याहून अधिक अंतर वळणावर जातं. ठरावीक मापाच्या ट्रॅकवर आतल्या लेनची त्रिज्या 36.5 मीटर असते. सेकंदाला 11 मीटर वेगानं तिथे धावताना शरीराच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकं बाजूचं बळ लागतं आणि शरीर जवळपास 19 अंश आत कलतं. आठव्या लेनमध्ये हाच कल 15 अंशांवर येतो. उंच, एक पाय आखूड आणि कणा वळलेला असा माणूस हा कल सांभाळतो तेव्हा दोन्ही पायांवर पडणाऱ्या भारातली तफावत आणखी वाढते. म्हणजे ज्या शर्यतीत तो सर्वांत चांगला होता, तीच त्याच्या शरीराला सर्वांत जड जात होती.

मिल्स यांची पहिली दोन वर्षं

अथेन्सनंतर, 2004 च्या अखेरीस, बोल्ट आधीचे प्रशिक्षक फिट्झ कोलमन यांच्याकडून मिल्स यांच्याकडे आला. मिल्स नवखे नव्हते. 2003 मध्ये पॅरिसला 100 मीटरचा जगज्जेता झालेला किम कॉलिन्स त्यांचाच शिष्य. त्यांचा रेसर्स ट्रॅक क्लब किंग्स्टनच्या वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना आवारात, गवताच्या ट्रॅकवर सराव करायचा. गवत कृत्रिम ट्रॅकपेक्षा मऊ. घड्याळातली वेळ हळू येते, पण हाडा-स्नायूंवरचा झटका कमी बसतो. दुखापतींतून वर येणाऱ्या धावपटूसाठी ही मोठी सोय होती.

काम दोन बाजूंनी चाललं. एकीकडे पाठ, पोट आणि नितंबाचे स्नायू बळकट करणं आणि म्युनिकचे क्रीडावैद्य म्युलर-वोलफार्ट यांच्याकडे उपचार. दुसरीकडे व्हिडिओ. मिल्स धावण्याचं चित्रण संथ गतीत दाखवायचे, नेमकं कुठे चुकतंय ते बोट ठेवून सांगायचे आणि शरीर कसं असायला हवं याची आकृती काढून द्यायचे.

निकाल मात्र सरळ रेषेत आले नाहीत. जुलै 2005 मध्ये लंडनला 19.99. महिन्याभरात हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पुन्हा दुखापत, आणि 26.27 सेकंदांत शेवटचा क्रमांक. मार्च 2006 ची मेलबर्नची राष्ट्रकुल स्पर्धा हॅमस्ट्रिंगमुळे हुकली. जुलैत लोझानला 19.88, पण अमेरिकेच्या झेव्हियर कार्टर आणि टायसन गे यांच्या मागे तिसरा.

2006 पर्यंतचा हा हिशेब पाहिला तर काम फसलं असंच वाटेल, आणि जमैकात तशी टीका झालीच. आमच्या मते मात्र याच काळात खरं काम झालं. ढब बदलणं आरामाच्या वेगात सोपं असतं; सत्तर टक्के वेगाला धावपटू दोन महिन्यांत नवी पद्धत दाखवू लागतो. पण पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाच्या नव्वद हजारांशांहून कमी वेळ असतं. तिथे विचाराला जागाच नाही, शरीर जुन्या सवयीकडेच धावतं. अंतिम फेरीच्या दडपणात तर हमखास. म्हणून सरावात सुधारलेल्या धावपटूचा स्नायू शर्यतीत पुन्हा फाटतो, आणि घाई झालेला प्रशिक्षक पद्धतच बदलून टाकतो. मिल्स यांनी ती बदलली नाही.

400 की 100

उंच मुलगा, लांब ढांग, कुमारवयात 45.35: पुढची पायरी 400 मीटर हे मिल्स यांचं मत त्या काळच्या शहाणपणाला धरूनच होतं. उंच माणसाला ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारावरून, उठायला वेळ लागतो, लांब पाय पहिल्या पाच-सहा पावलांत दुमडून झटपट मागे ढकलता येत नाहीत, म्हणून शंभरला मध्यम उंची बरी, असा सार्वत्रिक समज होता. बोल्टला 400 चा सराव नको होता. त्याला 100 धावायचे होते.

शेवटी सौदा ठरला: 200 मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडलास तर एक 100 मीटर धाव. तो विक्रम डॉन क्वारी यांचा, 1971 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात नोंदलेला 19.86. जून 2007 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत बोल्टनं 19.75 काढले. शब्द पाळला गेला आणि 18 जुलैला क्रीट बेटावरच्या रेथिम्नोमध्ये तो पहिल्यांदा वरिष्ठ गटात 100 मीटर धावला. वेळ 10.03.

या सौद्याकडे लोक गमतीनं पाहतात, पण त्यात मोठं शहाणपण आहे. 100 मीटर हे बक्षीस ठरलं, आणि ते मिळवण्याची अट होती निरोगी राहून 200 मीटर पूर्ण वेगात धावणं. म्हणजे ज्या तयारीची शरीराला गरज होती, तिच्यावरच धावपटूची इच्छा बांधली गेली. 2005 मध्येच हट्टाला मान तुकवून त्याला ब्लॉक-स्टार्टच्या जोरदार सरावात उतरवलं असतं, तर कच्च्या कंबरेवर आणि हॅमस्ट्रिंगवर आणखी एक बोजा पडला असता.

ऑगस्ट 2007 मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत 200 मीटरमध्ये गे 19.76, बोल्ट 19.91, समोरून सेकंदाला 0.8 मीटरचा वारा. रौप्यपदक. दुखापत नाही, ढब बऱ्यापैकी टिकलेली, तरी हार झाली. आता उरली होती ती ताकद. त्यानंतरच्या हिवाळ्यात बोल्टनं, आजवर कंटाळा केलेली, जिममधली मेहनत मनावर घेतली.

9.69 ची फोड

2008 मध्ये सगळं वेगानं घडलं. 3 मे, किंग्स्टन: 9.76. 31 मे, न्यूयॉर्क: 9.72, पाठीमागून 1.7 मीटरचा वारा, जमैकाच्याच असाफा पॉवेलचा 9.74 चा जागतिक विक्रम मोडीत. 22 जुलैला स्टॉकहोममध्ये सुरुवात चुकली आणि पॉवेलनं त्याला 9.88 विरुद्ध 9.89 असं हरवलं. बीजिंगच्या आधीची ही हार उपयोगाचीच म्हणायला हवी. सुरुवातीचा कच्चेपणा अजून गेला नव्हता हे तिनं वेळेत दाखवलं.

बीजिंगच्या अंतिम फेरीत वारा शून्य. पिस्तुलाला प्रतिसाद 0.165 सेकंदांचा, त्या फेरीतल्या मंद प्रतिसादांपैकी एक. दर दहा मीटरची वेळ अशी: 1.85, 1.02, 0.91, 0.87, 0.85, 0.82, 0.82, 0.82, 0.83, 0.90.

पहिले दहा मीटर शर्यत हरवणारे नाहीत, पण मोठी आघाडी देणारेही नाहीत. पन्नास ते ऐंशी मीटरमधले तीन टप्पे सारखेच, प्रत्येकी 0.82, म्हणजे ताशी सुमारे 44 किलोमीटर. वेग तीस मीटर टिकला आणि चौथ्या टप्प्यात जेमतेम शतांशानं घसरला. इतर धावपटूंचा वेग इथेच ओसरू लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बोल्ट आता वेग वाढवतोय. शेवटच्या दहा मीटरचे 0.90 हे हात पसरून छातीवर थाप मारण्याचे. तरीही दुसरा आलेला रिचर्ड थॉम्पसन 9.89 वर होता. ऑस्लोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी चित्रणावरून हिशेब मांडला की शेवटच्या टप्प्यात बोल्टच्या वेगात थॉम्पसनच्या वेगाइतकाच बदल झाला असता तर वेळ 9.61 च्या आसपास आली असती.

पावलं 41. सरासरी ढांग 2.44 मीटर, या पातळीवर बहुतेकांना 44 ते 46 पावलं लागतात. प्रतिसादाचा वेळ वजा केला तर सेकंदाला सुमारे 4.3 पावलं. या दोन आकड्यांत प्रकरणाचं मर्म आहे. ढांग त्याच्याकडे 2004 मध्येही होती. त्या लांब ढांगेला इतका जलद ठेका धरता आला, कारण पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळजवळ खालीच पडू लागलं होतं. म्हणजे दुखापत टाळण्यासाठी केलेली दुरुस्तीच वेग देऊन गेली. चार दिवसांनी 200 मीटरमध्ये 0.9 मीटरच्या समोरच्या वाऱ्यात 19.30, मायकेल जॉन्सनचा 1996 चा 19.32 चा विक्रम गेला.

त्याच वर्षी टायसन गे अमेरिकेच्या निवड चाचणीत 200 मीटर धावताना हॅमस्ट्रिंग धरून पडला आणि बीजिंगला उपांत्य फेरीतच थांबला. तोच स्नायू, फक्त माणूस वेगळा.

असाच धावपटू हाती आला तर

उंच, वेगवान, वारंवार मांडीमागे दुखणारा ज्युनियर धावपटू असेल तर आधी तपासणी: दोन्ही पायांची लांबी, कण्याचं वळण, एका पायावर उभं असताना कंबर ढळते का. पायांच्या लांबीत फरक निघाला तर टाचेखाली पूर्ण उंचीची पट्टी लगेच घालू नये. शरीरानं त्या फरकाशी वर्षानुवर्षं जुळवून घेतलेलं असतं. फिजिओच्या देखरेखीखाली तीनेक मिलिमीटरपासून सुरुवात करावी, आणि कित्येकदा पट्टीची गरजही नसते.

चित्रणासाठी कॅमेरा बाजूला, कंबरेच्या उंचीवर, 40 ते 50 मीटरच्या खुणेसमोर, निदान दहा मीटर लांब. सेकंदाला 30 चित्रांवर पावलाचा स्पर्श जेमतेम तीन चित्रांत संपतो आणि त्यातून काही कळत नाही. 240 वर तोच स्पर्श वीस-बावीस चित्रांत दिसतो. पाहायचं ते पाऊल टेकण्याच्या क्षणी: पाऊल कंबरेच्या किती पुढे आहे, आणि मागचा गुडघा टेकलेल्या गुडघ्याच्या रेषेत आला आहे का. मागे राहिला असेल तर ढांग ओढून घेतली जात आहे. यावर 15-20 सेंटिमीटर उंचीचे छोटे अडथळे उपयोगी पडतात. अंतर सुरुवातीला दीड मीटर, पुढे हळूहळू वाढवत न्यायचं. नेहमी होणारी चूक म्हणजे उंच मुलासाठी अंतर पहिल्याच दिवशी वाढवणं. त्यानं तो नेमका तोच दोष घोटत बसतो.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघे टेकून, कुणीतरी घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पाच-पाचच्या दोन सेटपासून सुरू करून दहा आठवड्यांत 8 ते 12 च्या तीन सेटपर्यंत. हा गुडघ्याकडून काम करवतो. नितंबाकडून काम करवण्यासाठी रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून नितंबातून पुढे वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं) हवीच, कारण स्नायू दोन्ही सांधे ओलांडतो. दोन्ही व्यायाम वेगाच्या सरावाच्या आदल्या दिवशी ठेवू नयेत. दुखऱ्या मांडीनं पूर्ण वेग म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

पूर्ण वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान 48 तास, एका वेळी एकूण 200 ते 300 मीटर, दर दहा मीटर धावण्यामागे एक मिनिट विश्रांती. वेळ तीन टक्क्यांनी घसरली की त्या दिवसाचं काम बंद. दुखापतीनंतर वेग 60, 80, 90 टक्के असा चढवावा, पण पूर्ण वेग अजिबात टाळणं हेही धोक्याचंच. ज्या स्नायूनं महिनाभर शंभर टक्के ताण पाहिलेला नाही, त्याला तो थेट शर्यतीत दाखवणं म्हणजे 2005 च्या हेलसिंकीसारखी वेळ स्वतःवर ओढवून घेणं. वळणाचा सराव बाहेरच्या सातव्या-आठव्या लेनमधून सुरू करून आत यावं.

पुढे

2009 ला बर्लिनमध्ये 100 मीटर 9.58, पाठीमागून 0.9 मीटरचा वारा. साठ ते ऐंशी मीटर 1.61 सेकंदांत. त्यानंतर लंडन 2012 आणि रिओ 2016 लाही दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं त्यानं राखली. बीजिंगचं रिलेचं सुवर्ण मात्र 2017 मध्ये परत गेलं, सहकारी नेस्टा कार्टरच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडल्यामुळे.

विषमता गेली नव्हती. मोनॅकोतल्या 2011 च्या शर्यतीच्या चित्रणावर अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या उजव्या पायाचं कमाल बळ डाव्यापेक्षा 13 टक्के जास्त होतं आणि डावा पाय जमिनीवर 14 टक्के जास्त वेळ राहत होता. ही तफावत पुसून दोन्ही पाय अगदी सारखे करायला गेलं असतं तर वेग वाढला असता की घटला असता, याची खात्री त्या संशोधकांनीही दिली नाही. मिल्स यांनीही ती पुसली नाही. तिच्यासह धावता येईल एवढं बळ भोवतीच्या स्नायूंत भरलं, आणि ते बळ दर हंगामात नव्यानं भरावं लागत होतं.

12 ऑगस्ट 2017 ला लंडनमध्ये, 31 वा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, बोल्ट 4 गुणिले 100 मीटर रिलेच्या शेवटच्या टप्प्यात बॅटन घेऊन निघाला आणि वाटेतच लंगडत खाली पडला. ती त्याची अखेरची शर्यत होती. निदान आलं: डाव्या मांडीच्या बायसेप्स फीमोरिसला, वरच्या टोकाशी जिथे स्नायू कंडरेला मिळतो तिथे, फाट.